श्वास सोडून घेतलेले माप

गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे मापबाई म्हणत. ती कापड बेतत नसे, शिवतही नसे. नवा नमुना तयार झाला की तो अंगावर चढवून लाकडी चौथऱ्यावर उभे राहायचे आणि कुठे ओढते, कुठे झोळ पडतो ते सांगायचे, हे तिचे काम. दोन नंबरचा प्रत्येक कपडा नऊ वर्षे तिच्या अंगावरून पुढे गेला होता. बाकीचे नंबर तिच्या मापांत ठरावीक सेंटिमीटर मिळवून किंवा वजा करून कागदावरच काढले जात.

दर सोमवारी चहाच्या आधी कटिंग मास्तर तिची सात मापे घेत आणि जाड पुठ्ठ्याच्या वहीत उतरवत. नियम एकच होता, आणि तो तिनेच घालून दिलेला: माप श्वास सोडून घ्यायचे. पोट आत ओढून उभी राहणारी बाई या कामाची नव्हे, असे ती बदलीवर येणाऱ्या मुलींना बजावत असे. “हे कपडे घालणारी काय दिवसभर श्वास रोखून काम करणार आहे?” असा तिचा सवाल असे. वहीतल्या नऊ वर्षांच्या नोंदी पाहिल्या तर कमरेच्या रकान्यात सत्तर आणि पुन्हा सत्तरच आढळते. एकदाच साडेसत्तर आहे, आणि त्यापुढे मास्तरांनी कंसात ‘सर्दी’ असे लिहिले आहे. सर्दीचा कमरेशी संबंध काय, याचा खुलासा मास्तरांना आजही करता येत नाही.

मग बाहत्तर, शहात्तर, त्र्याऐंशी, आणि त्याखाली एक आडवी रेघ: ‘रजा’.

मुलगी चार महिन्यांची झाल्यावर मापबाई कामावर परतली. सुपरवायझर, जिला वयाचा विचार न करता सगळे ताई म्हणत, तिने अट स्पष्ट घातली. आणखी दोन महिन्यांत कंबर एकाहत्तरच्या आत आली तर चौथरा तिचा. नाही आली तर पॅकिंगमधली एक मुलगी उभी राहील, कारण तिची कंबर नेमकी सत्तर होती, आणि मापबाईने बटणांच्या टेबलावर बसायचे. वाईट वाटून घेऊ नकोस, असेही ताई म्हणाली. नऊ वर्षे जी बाई चौथऱ्यावरून मास्तरांच्या कात्रीला शिस्त लावत होती, तिने बटणे लावत बसायचे आणि वर वाईटही वाटून घ्यायचे नाही.

घरी सल्ल्यांची कमतरता नव्हती. सासूबाईंनी कमरेला पट्टा आवळून दिला आणि तो ढिला दिसला की स्वतः येऊन आणखी एक घर आत घेत. आपले पोट अशानेच बसले, असे त्या सांगत. त्यांचे पोट बसलेले आहे असे म्हणायला पुरावा मात्र समोर दिसत नव्हता. नणंदेने तेलाची बाटली आणली. पोटावरचे जांभळट व्रण महिन्यात पुसले जातील असे त्या बाटलीवर छापले होते. कोणाचे पुसले गेले, ते छापलेले नव्हते. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होता, आणि बिघडलेली प्रत्येक वस्तू नीट सूचना वाचल्या तर सुधारते यावर त्याचा विश्वास होता. त्याने मोबाइलवर व्यायामाचा एक व्हिडिओ शोधून दिला. त्यातली मुलगी पाठीवर झोपून रोज शंभर वेळा उठत होती. तिला मूल झाल्याचा उल्लेख त्यात कुठेही नव्हता.

मापबाईने रोज सकाळी शंभर वेळा उठायला सुरुवात केली. पंधरवड्याने तिला दिसले की उठताना बेंबीच्या वर, पोटाच्या बरोबर मध्यभागी, तंबूच्या आढ्यासारखा एक उभा उंचवटा येतो. नवऱ्याने तो निरखून पाहिला आणि स्नायू तयार होत असल्याचे जाहीर केले. तिने उठण्यांची संख्या दीडशेवर नेली. उंचवटाही वाढला.

कंबर मात्र हलेना. आणि याच दिवसांत तिने ते केले, जे तिने नऊ वर्षे दुसऱ्या कोणाला करू दिले नव्हते. सोमवारी फीत कमरेभोवती आली तशी तिने श्वास वर ओढून पोट आत घेतले. वहीत त्र्याहत्तर लागले, पुढच्या सोमवारी बाहत्तर, आणि मग एकाहत्तर. ज्या माणसाने तीस वर्षे कंबरा मोजल्या, त्याला बोटांखालचे पोट ताणलेले आहे की सैल, हे कळत नाही असे मानणे अवघड आहे. मास्तरांनी प्रत्येक वेळी चष्मा पुसला आणि आकडा लिहिला.

पण नमुना अंगावर असताना चौथऱ्यावर पाऊण तास उभे राहावे लागते, आणि पाऊण तास श्वास कोणी रोखू शकत नाही. रुग्णालयाच्या परिचारिकांसाठीची नवी विजार तिच्या अंगावर कमरेत कचकन आवळली. ताईने वही उघडली. वही एकाहत्तर म्हणत होती. म्हणजे बाईचे माप बरोबर, म्हणजे कागदावरचा बेत चुकला. हा निष्कर्ष त्या कारखान्यात कोणालाही वावगा वाटला नाही. बेत कमरेत साडेतीन सेंटिमीटरने सैल सोडला गेला, आणि दोन नंबरच्या तीनशे विजारी त्या बेताने शिवल्या गेल्या.

त्या शिवल्या जात असतानाच मुलीला लस टोचून घ्यायला मापबाई आरोग्य केंद्रात गेली. तिथल्या बाकावरून ती हाताने आधार घेत, दात आवळून उठली. शेजारच्या खोलीतल्या फिजिओथेरपिस्टने ते पाहिले आणि पाठ दुखते का असे विचारले. मापबाईने पाठीचे सोडून पोटाचे गाऱ्हाणे सुरू केले आणि सासूबाई, तेल, व्हिडिओ असे सगळे क्रमाने सांगितले. फिजिओथेरपिस्टने तिला गुडघे वाकवून उताणे झोपवले, मान जरा उचलायला सांगितली आणि बेंबीच्या वर बोटे आडवी ठेवली.

“तीन बोटं अंतर,” ती म्हणाली. “किती दिवस शंभर काढताय?”

“दीडशे,” मापबाईने दुरुस्ती केली.

मग तिला जे समजावण्यात आले ते असे. पोटाच्या पुढच्या बाजूला दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना मधोमध एक चिवट पट्टी जोडते. गर्भाशय वाढते तशी ती पट्टी रुंदावते, पातळ होते, आणि स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात. हे जवळजवळ प्रत्येकीचे होते. पुष्कळ जणींचे अंतर पहिल्या काही महिन्यांत आपोआप कमी होते, काहींचे राहते. अशा वेळी जोर करून उठले की आतला दाब नेमका त्या पातळ जागेवर येतो. तो उंचवटा म्हणजे तयार होणारा स्नायू नव्हता. पट्टीला न पेलणारा जोर होता. पट्टा बांधलेला असतो तोवर आधार देतो, पण स्नायूंचे काम तो शिकवत नाही, आणि फार आवळला तर दाब खाली ओटीपोटाच्या तळावर ढकलतो. कातडीचे म्हणायचे तर तिच्या आतले धागे ताणून तुटतात, म्हणून व्रण. ते काळाने फिके, रुपेरी होतील, पण जाणार नाहीत. सैल कातडी वर्षभरात बरीचशी आवळते, पूर्वीइतकी आवळेलच असे नाही.

“मग तेल?”

“लावा की. खाज कमी होईल.”

व्यायाम इतका साधा निघाला की मापबाईला त्याचाच राग आला. उताणे पडून श्वास हळूहळू सोडायचा, सोडताना ओटीपोटाचा तळ वर उचलायचा आणि खालचे पोट अलगद आत घ्यायचे. मग एकेक टाच जमिनीवरून सरकवत पाय लांब करायचा. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळायचे. पोटावर उंचवटा दिसला की थांबायचे. आणि श्वास कधीही रोखायचा नाही.

हे शेवटचे वाक्य ऐकून ती गप्प झाली. फिजिओथेरपिस्टला वाटले, तिला समजले नाही. म्हणून तिने ते पुन्हा सांगितले.

आठवड्याभराने तीनशे विजारी परत आल्या. परिचारिका रुग्णावर वाकल्या की कंबर खाली घसरते, अशी चिठ्ठी सोबत होती. ताईने मास्तरांना सगळ्यांसमोर उभे केले. बेत कोणी सोडला, का सोडला, तीस वर्षांत हात बसला नाही का, असे बरेच काही ती बोलली. मास्तर फीत गळ्यात अडकवून ऐकत राहिले. बेत सोडायला ताईनेच सांगितले होते, हे ते बोलले नाहीत. आकडा खोटा असल्याचे तर मुळीच बोलले नाहीत. ताईने वही टेबलावर आपटली आणि इथे एकाहत्तर लिहिलेले आहे की नाही, असे विचारले.

त्या दिवशी सोमवार नव्हता. मापबाई चौथऱ्यावर चढली, पट्टा सोडून तिने तो खुर्चीवर टाकला आणि हात बाजूला घेतले.

“मास्तर, श्वास सोडून घ्या.”

“राहू दे गं.”

“घ्या म्हणते ना. आणि लिहा.”

साडेचौऱ्याहत्तर भरले. मास्तरांनी साडेत्र्याहत्तर लिहायला सुरुवात केली, तेव्हा तिने चौथऱ्यावरूनच वाकून पाहिले आणि आकडा खोडायला लावला. ती खोडाखोड वहीत आजही दिसते. मापबाई ताईला म्हणाली, “मागचे तीनही आकडे मी पोट ओढून दिलेत. मास्तरांचा हात बसलाय, माझं पोट बसलं नाहीये. बटणांचं टेबल कुठाय ते सांगा.”

ताईलाही दोन मुलगे होते, आणि स्वतःच्या कारखान्याची तीन नंबरची विजार ती कमरेला पिन लावून घालत असे, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, फक्त कोणी काढत नसे. तीन नंबर आजवर कोणाच्याही अंगावर बेतला गेलेला नव्हता. दोन नंबरमध्ये सगळीकडून सारखे चार सेंटिमीटर मिळवले की झाला तीन नंबर. तक्रारी सर्वांत जास्त त्याच नंबरच्या येत: उभे असताना ठीक, बसले की पुढून काचते आणि मागून फाकते. मापबाईने तीन नंबरच्या कपाटातून एक विजार काढून चढवली, खुर्चीवर बसली आणि कुठे किती काचते ते बोट ठेवून दाखवले. नऊ वर्षांची सवय होती. तिला पाच मिनिटेही लागली नाहीत. पुढची कंबर दीड सेंटिमीटरने खाली, मागची एकने वर. मास्तरांनी खडूने खुणा केल्या.

पॅकिंगमधली मुलगी दोन नंबरसाठी चौथऱ्यावर आली, आणि मापबाई तीन नंबरसाठी. याला बढती म्हणायचे की काय, ते ताईला सांगता आले नाही. नवऱ्याने घरी तीन नंबर मिळाल्याबद्दल अभिनंदन केले, त्यावर ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

व्यायाम मात्र तिने सोडला नाही. सासूबाई दारात उभ्या राहून, ही नुसती पडून श्वास घेते, याला व्यायाम म्हणतात का, असे विचारत. ती श्वास सोडण्यात असल्यामुळे उत्तर देत नसे. तीन महिन्यांनी फिजिओथेरपिस्टच्या हाताला दीड बोट अंतर लागले आणि त्या जागेखाली आता काहीतरी घट्ट लागत होते. मुलीला कडेवर घेताना तिची पाठ दुखेनाशी झाली. व्रण होते तिथेच होते, जरा फिके.

वहीतल्या अलीकडच्या नोंदी अशा: चौऱ्याहत्तर, त्र्याहत्तर, साडेबाहत्तर. तीन नंबरसाठी त्र्याहत्तरच्या खाली चालत नाही. शेवटचा आकडा लिहिताना मास्तरांनी चष्मा काढला.

“नऊ महिने वाढलीस तेव्हा कोणी काही बोललं नाही. आता तीन नंबर तुझ्यावर बेतलाय, तर बारीक होतेस. अगं, जरा पोट सोडून उभी राहा ना.”

“सोडलंय, मास्तर,” मापबाई म्हणाली. “एवढंच आहे. लिहा.”