कार्डाला न टाचलेली चिठ्ठी

१९८१, मार्चमधला शेवटचा सोमवार, सकाळी अकरा. हजर: गांगुर्डेबाई, लता आणि बाईंच्या हाताखाली काम करणारी मी. जागा: नाशिकमधल्या क्षयरोग दवाखान्यातली कार्डांची खोली.

पण आधी बाईंबद्दल. मूळच्या सटाण्याच्या, काटकुळ्या, कपाटाची किल्ली कायम कमरेला. रुग्णाचं कार्ड कोणीही मागो, अगदी मोठे डॉक्टरसुद्धा, बाई कोरी चिठ्ठी पुढे सरकवायच्या. "तुमचं नाव, तारीख, कशासाठी पाहिजे. मग कार्ड." ती चिठ्ठी कार्डालाच टाचायची. रुग्ण आला की त्याला बाकावर बसवून सगळं दाखवायच्या. "वाच. कोणी पाहिलं तेही वाच. चुकलं असेल तर सांग." एका हमालाच्या कार्डावर 'दारू पितो' असा शेरा होता. त्याने दारू सोडून दोन वर्षं झाली होती. बाईंनी डॉक्टरांच्या मागे लागून शेरा खोडून घेतला, शेजारी सहीही घेतली. मी हसले, तर म्हणाल्या, "तुले हसू येस. त्याले आख्खा दवाखाना बेवडा समजस."

लता अंबडच्या एका कारखान्यात कामाला होती. औषधं पूर्ण घेऊन बरी झाली होती, लग्न ठरलं होतं. त्या सोमवारच्या पंधरा दिवस आधी बाई जेवायला गेल्या आणि किल्ली माझ्याकडे देऊन गेल्या. तेवढ्यात मुलाकडचे एक काका आले. "या मुलीचं नाव आहे का हो तुमच्याकडे? कोणीतरी तिला इथं पाहिलं म्हणे."

मी कार्ड काढलं. तिचं भलंच करतेय असं मला वाटलं. "अहो, ठणठणीत बरी झालीय! ही बघा डॉक्टरांची सही." काका हात जोडून गेले. चिठ्ठी लिहायची मी टाळली.

लग्न मोडलं. बातमी कारखान्यातही पोचली, तिथल्या बायकांनी लताचा पेला वेगळा ठेवला.

त्या सोमवारी ती दारातच उभी राहिली. "बाई, माझं कार्ड कोणी काढलं?"

बाईंनी कार्ड उघडलं. नवी चिठ्ठी नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरात डोकं घातलं.

"किल्ली माझी, लता. माझ्याकडून गेलं."

"तुमच्याकडून? बाई, तुमच्याकडून?"

ती गेली ती तपासणीलाही परत आली नाही.

बाईंनी माझ्यापुढे कोरी चिठ्ठी सरकवली. मी नाव लिहिलं, तारीख लिहिली. 'कशासाठी' यापुढे काही सुचेना. बाईंनी ती कार्डाला टाचली नाही, माझ्याच हातात ठेवली. "ही तिले तू दखाड. मी नही."

किल्ली त्यांनी मला पुन्हा दिली नाही. मात्र दर सोमवारी विचारायच्या, "गेली होतीस?" पुढे त्या स्वतः अंथरुणाला खिळल्या. शेवटच्या भेटीत त्यांना बोलवत नव्हतं. नुसत्या बघत राहिल्या. प्रश्न मला कळला. मी म्हटलं, "येत्या रविवारी."

त्या गेल्यालाही आता तीन वर्षं झाली. लताचं घर देवळाली कॅम्पात. पत्ता मला पाठ आहे, तोही तिच्या कार्डावरूनच. दर आठवड्याच्या माझ्या यादीत पहिली ओळ तीच असते: लताला चिठ्ठी दाखवणे.

आज रविवार. खालच्या सगळ्या ओळींवर काट मारून झाली आहे.