कपाळावर उमटलेले दोन स्वर

गुरुवारी दुपारी आमच्या वर्कशॉपमध्ये दोन बायका माझ्या कपाळाकडे टक लावून बघत होत्या आणि मला हलायची परवानगी नव्हती... झालं असं.

मी रेगेन्सबर्गमध्ये जुनी पुस्तकं दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये आउसबिल्डुंग करतोय, म्हणजे काम करता करता शिकतोय. पुण्यात डिप्लोमा अर्धवट सोडला आणि इथे ताई-भाऊजींच्या शहरात आलो. अजून प्रोबेत्साइट चालू आहे. या काळात कारण न सांगताही घरी पाठवता येतं. आणि मी तर कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा माणूस.

त्या दिवशी टेबलावर एका चर्चचं प्रवचनांचं जाड पुस्तक होतं. आमच्या मालकीणबाई, फ्राऊ लिंडनर, यांनी पाठीवरचं चामडं सोडवलं, तर आत पार्चमेंटची, म्हणजे लिहिण्यासाठी तयार केलेल्या कातड्याची, एक पट्टी चिकटवलेली. कडेला लाल रेघा आणि काळे चौकोनी ठिपके, म्हणजे जुन्या पद्धतीने लिहिलेले स्वर, डोकावत होते.

जुन्या काळी बाइंडर गाण्याची जुनी पुस्तकं कापायचे आणि मजबुतीसाठी त्या पट्ट्या नव्या पुस्तकांच्या पाठीला लावायचे. चाली आता कोणालाच नको होत्या, पण कातडं चिवट होतं ना...

युनिव्हर्सिटीतून डॉक्टर आमान म्हणून संशोधक बाई आल्या. त्या म्हणाल्या, हे मोटेट असणार. म्हणजे तीन-चार जण एकाच वेळी वेगवेगळे लॅटिन शब्द वेगवेगळ्या चालींवर गातात आणि ते एकमेकांत बसतं. आपल्याकडे शेजारच्या दोन मंडपांत एकदम आरत्या सुरू झाल्या की होतं ना, तसंच... फक्त मुद्दाम आणि सुरात.

गंमत म्हणजे पानावर प्रत्येक आवाज वेगळ्या जागी लिहिलेला असायचा. त्यामुळे पट्टी कापली की बहुधा एकाच गायकाचा तुकडा हाती लागतो. आणि आमच्या पट्टीची गोंदाकडची बाजू तर कित्येक शतकं कोणी बघितलीच नव्हती.

ती सोडवायचं काम फ्राऊ लिंडनरनी मला दिलं. "तू चीड येईल इतका सावकाश काम करतोस. म्हणून तू."

खळीचा ओलसर लेप देऊन गोंद मऊ केला. हाडाच्या पातळ पट्टीने कडेकडेने उचलत गेलो. अख्खी निघाली, कुठेही न फाटता! ती ब्लॉटिंग पेपरवर ठेवायला वळलो आणि बोटांतून निसटली... खाली पडली आणि माझा बूट तिला लागला.

पुढचं मी विचार करून केलं नाही. पटकन उचलली आणि कपाळाला लावली.

तुम्हीही हेच केलं असतं. पुस्तकाला पाय लागला की हात आपोआप तिकडे जातो. पण शाई ओली झाली होती. पट्टी खाली घेतली तेव्हा एका जागी दोन स्वर नव्हते. फोटो काढायच्या आधीच.

"तू आत्ता काय केलंस?" फ्राऊ लिंडनरचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"पाय लागला... म्हणून माफी मागितली." होतं नव्हतं तेवढं जर्मन मी विसरलो होतो.

"कोणाची? पट्टीची?"

"गेनाऊ." म्हणजे हो, तिचीच.

"आणि माझी कोण मागणार?"

घाम फुटला. संपलं, आता परत पुण्याला, असंच डोक्यात आलं. कपाळ पुसायला हात वर गेला आणि डॉक्टर आमाननी झडप घालून माझं मनगट पकडलं. "हाल्ट! हलू नकोस!"

मला खिडकीपाशी उभं केलं. दोन्ही स्वर माझ्या कपाळावर उमटले होते, उलटे. बाईंनी आधी फोटो काढले, मग पर्समधला छोटा आरसा काढून त्यात बघत वाचू लागल्या. "आल्झो, तर... हा वरच्या रेघेवर होता, हा त्याच्या खाली. आणि हा लाल ठिपका?"

"ते गंध आहे. सकाळचं. माझं."

"बरं, मग तो गायचा नाही."

हसावं की नाही, मला कळेना.

मग पट्टी टेबलावर ठेवून त्यांनी हळू आवाजात ती ओळ गायली. सगळ्यात खालचा आवाज होता तो. लांबलांब स्वर, शब्द अगदी थोडे. वरचे दोघे-तिघे काय म्हणत होते ते आता कोणालाच कळणार नाही... हा एकटाच चालला होता, आपल्याबरोबर अजून कोणी आहे अशा संथपणे. माझ्या कपाळावरचे दोन कधी येऊन गेले ते मला ओळखूही आलं नाही. पण मध्ये खंड पडला नाही, एवढं नक्की.

गाणं थांबल्यावर मी धीर करून विचारलं, "उद्या... येऊ का?"

कापसाचा बोळा ओला करून फ्राऊ लिंडनरनी माझं कपाळ अगदी हलक्या हाताने पुसलं. मग तो बोळा वाळवून कागदी पाकिटात घातला, वर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि पाकीट पट्टीच्या खोक्यात ठेवलं. मी बघत राहिलो, तर म्हणाल्या, "शाईचे कण आहेत त्यात. असं काही टाकायचं नसतं."

मग एप्रन काढता काढता, "उद्या आठला ये. आणि यापुढे माफी मागायचीच असेल तर लांबून, हात जोडून."

संध्याकाळी ताईला सांगितलं, तर ती ओरडलीच, "अरे, वासराचं कातडं कपाळाला लावलंस?" भाऊजी खुर्चीतून पडेपर्यंत हसले. मी मात्र त्या कागदी पाकिटाचाच विचार करत होतो.

एका बाइंडरने ते पान बिनकामाचं म्हणून कापलं होतं. दुसरीने त्याची शाई पुसलेला कापूससुद्धा ठेवून दिला. मी या दुसरीच्या हाताखाली शिकतोय... याबद्दल कोणाचे आभार मानायचे ते कळत नाही, म्हणून इथे लिहितोय.