खरवडलेला चेहरा

मुलगी वेल्समध्ये नोकरीला होती तेव्हा मी महिनाभर तिच्याकडे राहिले होते. एका दुपारी ती मला गावातल्या रग्बी क्लबात चहाला घेऊन गेली. भिंतीवर क्लबाच्या जुन्या संघाचा फोटो होता. मिशाळ, दणकट पंधरा माणसं. त्यातल्या एकाचा चेहरा मात्र चाकूने खरवडून काढलेला. मी दचकलेच.

चहा आणणाऱ्या बाई म्हणाल्या, "ते माझे पणजोबा. वेल्सच्या अगदी सुरुवातीच्या संघातून खेळले. एरवी कोळशाच्या खाणीत काम करायचे. मग उत्तर इंग्लंडमधल्या एका क्लबाने खेळण्यासाठी पगार देऊ केला. घरात चार लहान मुलं. ते गेले."

"मग?"

"तेव्हा पैसे घेऊन खेळणं म्हणजे पाप! देशाच्या संघाचं दार बंद झालं, आणि या क्लबाचंही."

"पण चेहरा कुणी खरवडला?"

बाईंनी पणजोबांच्या शेजारच्या माणसावर बोट ठेवलं. "यांनी. त्यांच्या सख्ख्या भावाने."

त्या भावाचा हात फोटोत पणजोबांच्या खांद्यावर होता. परक्यांचा राग मला समजू शकतो. पण ज्या चेहऱ्याशेजारी लहानाचे मोठे झालो, त्यावर चाकू चालवताना हात थांबला नसेल का?

"पुढे ते दोघे भेटले का कधी?" मी विचारलं.

"म्हातारपणी पणजोबा गावी परतले. सामन्याच्या दिवशी कुंपणाबाहेर उभे राहून खेळ बघायचे. आतल्या बाकावर, हाकेच्या अंतरावर, भाऊ बसलेला असायचा. त्याने एकदाही मान वळवली नाही."