सहावा कप

टिचकी मारून पाहिल्याशिवाय मावशींनी आयुष्यात कुठलीही वस्तू घरात घेतली नाही. माठाला, नारळाला, कलिंगडाला टिचकी मारणं आपण समजू शकतो. मावशी अमेरिकेत, सिएटलजवळच्या बॉथेलला आल्या त्याच आठवड्यात त्यांनी अपार्टमेंटच्या दाराला टिचकी मारली, मग भिंतीला, मग फ्रीजला, आणि मुलाला सांगितलं, "संदेश, हे घर पुठ्ठ्याचं आहे बाप्पा. एवढं भाडं काहून देऊन राहिला?" आमच्या मजल्यावर त्यांचं नाव टिचकीमावशी पडलं. पाडलं मीच. त्यांच्यासमोर कधी उच्चारलं नाही, पण त्यांना ते कळलं असणारच. त्यांना सगळंच कळायचं.

मावशी मूळच्या नागपूरच्या. तिथल्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान गेल्यावर संदेश त्यांना घेऊन आला. तो इथल्या एका बायोटेक कंपनीत होता आणि त्यांचं दार आमच्या दारासमोर. मी पुण्याची, नोकरी बेलव्ह्यूला, पण आठवड्यातले तीन दिवस घरून काम. त्या तीन दिवशी बरोबर चार वाजता दारावर टिचकी वाजायची. बेलवर मावशींचा विश्वास नव्हता.

विश्वास तसा कशावरच नव्हता. दुधाच्या कॅनवरची तारीख वाचून म्हणायच्या, "ही छापणारा दूध पिऊन पाहतो का?" ऑरगॅनिक भाजी त्या साध्या भाजीशेजारी ठेवून दोन्ही हुंगायच्या आणि मान हलवायच्या. खालच्या मजल्यावरची गोरी बाई रोज "हाऊ आर यू" म्हणून उत्तराची वाट न पाहता पुढे जायची, तिच्यावर तर त्यांनी पाळतच ठेवली होती. "विचारायचं तर थांबावं ना. थांबायचं नसेल तर विचारते कशाला? काहीतरी आहे." मी हसायचे. एकदा म्हणाले, "मावशी, तुम्ही ताकसुद्धा फुंकून पिता."

त्या हसल्या नाहीत. "ताक फुंकून पिणाऱ्याला सगळे हसतात पोरी," म्हणाल्या, "त्याला पोळतं दूध कोणी पाजलं, ते कोणी विचारत नाही."

त्या वर्षी थंडी लवकर पडली. आमची ताटं-वाट्या म्हणजे लग्नात मिळालेला पातळ पांढरा डिनर सेट. त्यात वाढलेली खिचडी तूप घालेपर्यंत गार व्हायची. ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडे मी जपानी भांड्यांत सूप प्यायले होते. दगडासारखी जड, जाड माती, वर काळपट निळी झिलई. शेवटच्या घोटापर्यंत सूप कढत. मी तसली भांडी घ्यायचं ठरवलं. मावशी म्हणाल्या, "भांडं घ्यायला एकटीनं जाऊ नये," आणि पायांत मोजे चढवायला लागल्या.

सिएटलमधलं ते दुकान एका म्हाताऱ्या जपानी बाईचं होतं. आत सगळं इतकं शांत आणि नीटनेटकं, की मावशींच्या मनात लगेच पाल चुकचुकली. मी एक पसरट, देखणा वाडगा उचलला. "ठेव," मावशी म्हणाल्या. "पसरट भांड्यात आमटी टिकत नाही. खोल घे, तोंड लहान." मी बारीक चिरांची जाळी असलेला फिकट वाडगा उचलला. "या चिरांत आपली तर्री जाईल ना! दोन महिन्यांत सगळा लाल." मग त्यांनी एक गडद वाडगा उलटा केला, बुडाच्या खरखरीत कडेवरून तळहात फिरवला, म्हणाल्या, "टेबलावर ओरखडे काढेल," आणि पर्समधून कानशीसारखी नखं घासायची पट्टी काढून ती कड तिथल्या तिथे घासणार होत्या, तेवढ्यात मी त्यांचा हात धरला. 'मायक्रोवेव्ह सेफ' असं लिहिलेली चिठ्ठी त्यांनी चष्मा वर करून वाचली आणि काहीही न बोलता परत चिकटवली.

कपांपाशी त्या जास्त वेळ थांबल्या. जपानी चहाचे कप, बिनकानाचे. एक हातात घेऊन त्यांनी फिरवला.

"याला कान नाही."

"तसेच असतात मावशी. दोन्ही हातांत धरायचे. हात गरम राहतात."

"कान तुटलेला कप आपल्याकडे कोणाला देतात, माहीत आहे तुला?"

"नाही," मी म्हणाले.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीकडे पाहावं तसं. "माहीत नसेल तर बरंच आहे," म्हणाल्या आणि कपाला टिचकी मारली. टण्ण असा स्वच्छ, लांबणारा आवाज आला. काउंटरमागची जपानी बाई उठून आली. मला वाटलं, आता ओरडणार. तिने शेजारचा कप उचलला, नखाने वाजवला, कानाशी धरला आणि मावशींच्या हातात दिला. मावशींनी तोही वाजवला. दोघींनी मिळून अर्धं फडताळ वाजवून काढलं. एक कप भद्द वाजला, तेव्हा दोघींनी एकदमच मान हलवली आणि बाईने तो काउंटरखाली ठेवला. परतीच्या वाटेवर मावशी म्हणाल्या, "बाई चांगली आहे. तिचाही कोणावर विश्वास नाही."

घेताना फक्त एक अडचण आली. सेट पाचाचा होता. "आमच्याकडे पाचच असतात," बाई म्हणाली.

"आणि सहावा माणूस आला तर?" मावशींनी मला विचारलं.

"तर मी दुसऱ्या कुठल्यातरी कपात पिईन. घरची बाई मीच ना."

"बघू," मावशी म्हणाल्या.

घरी आल्यावर भांड्यांची परीक्षा संपली नव्हती. दुकानातल्या बाईने सांगितल्याप्रमाणे सगळी भांडी तांदळाच्या धुवणात मंद आचेवर उकळली. ते मावशींना एकदम पटलं, कारण त्यांची आई मातीच्या भांड्यांना तेच करायची. मग प्रत्येक कपात लिंबाची फोड ठेवून दिवसभर झाकून ठेवली. कळकलेल्या पितळी भांड्यातल्या ताकाने आजारी पडलेलं अख्खं घर त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. लिंबाचा रंग बदलला नाही. मावशींनी कप धुऊन पालथे घातले आणि म्हणाल्या, "पास."

ते दोन महिने फार छान गेले. चार वाजता आल्याचा चहा. मावशींची बोटं थंडीत आखडायची. त्या कप दोन्ही तळव्यांत धरून नुसत्याच बसायच्या. कधी त्या पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, झणझणीत रस्सा करून आणायच्या आणि आम्ही गडद वाडग्यांत तो खाता खाता नाकं पुसायचो. त्यांच्या घरी हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती होती, खाली निळं कापड. त्या बौद्ध आहेत, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, माझं तोंड बारकाईने बघत. मला त्याने काही फरक पडत नाही, असं मी निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दोनदा सांगितलं होतं. फरक पडत नसता तर एकदाही सांगितलं नसतं, हे आता कळतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी निखिलच्या ऑफिसातलं एक पुण्याचं जोडपं आलं. सोबत त्या जोडप्यातल्या नवऱ्याच्या आई, भारतातून आलेल्या. मी मावशींनाही बोलावलं. ते तिघे, आम्ही दोघं आणि मावशी. सहा.

मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. बाहेर त्या काकू मावशींना विचारत होत्या, "नागपूरच्या का? आडनाव काय म्हणालात?" मावशींनी सांगितलं. "अच्छा, अच्छा," काकू म्हणाल्या आणि मग उगाचच इथल्या थंडीबद्दल बोलायला लागल्या. मी हे सगळं ऐकलं. ट्रेमध्ये पाच जपानी कप भरले आणि सहावा निखिलच्या कंपनीचा पांढरा, जाड कप, चिन्ह पुसट झालेला. तो माझा. तसं मनात पक्कं होतं.

मी बाहेर गेले. काकूंना दिला, जोडप्याला दिले, निखिलला दिला. मग मावशींपुढे वाकले आणि पांढरा कप त्यांच्या हातात दिला. जपानी कप घेऊन मी माझ्या जागेवर बसले.

मावशींनी एकवार सगळ्यांच्या हातांकडे पाहिलं. मग आपल्या कपाला हलकेच टिचकी मारली. ठक्. त्यांनी तो समोर टेबलावर ठेवला आणि अर्धा तास गप्पा ऐकत बसल्या. चहावर साय धरली. "गोळी घ्यायची आहे," म्हणून त्या उठल्या आणि गेल्या. मी तो गार चहा सिंकमध्ये ओतला तेव्हा मला कळलं, की आपण काय केलं.

सोमवारी चार वाजता टिचकी वाजली नाही. बुधवारी नाही, गुरुवारीही नाही. मी स्वतःशी घोकत राहिले: घाईत हात चुकला, मावशी घरच्याच, त्यांना चालेल असं वाटलं, सेट पाचाचा, त्यात माझा काय दोष. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं. संदेश जिन्यात भेटला की मी फोन काढून बघायचे. माझं एक माणूस मी घालवलं होतं, आणि ते परत मिळेल की नाही याची मला भीती वाटत होती.

दुसऱ्या आठवड्यात मीच त्यांच्या दारावर टिचकी मारली. मावशींनी दार उघडलं. बसायला सांगितलं. चहाचं विचारलं नाही.

"मावशी, त्या दिवशी हात चुकला माझा."

"हात चुकत नाही," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता, वर्गात समीकरण समजावताना असावा तसा. "हाताला सवय असते. डोकं म्हणते, सहावा कप माझा. हात म्हणतो, नाही, याच्यासाठी माणूस आहे. मी नवीन नवीन नोकरीला लागली, तेव्हा स्टाफरूममध्ये माझा कप वेगळ्या खिळ्याला टांगलेला असायचा. कोणी काही बोललं नाही कधी. सगळे फार चांगले होते. मी पहिल्या पगारातून सगळ्यांसाठी नवे कप आणले, एकसारखे. दुसऱ्या दिवशी त्यातलाही एक त्याच खिळ्याला."

मी मान खाली घालून बसले. मग बोलले. बोलायचं ठरवून आले नव्हते.

"दुकानात मी खोटं बोलले, मावशी. कान तुटलेला कप कोणाला देतात, मला माहीत होतं. आमच्याकडे होता. मागच्या गॅलरीत, खिडकीच्या कट्ट्यावर. भांडी घासायला यायच्या त्या शकुंतलाबाईंचा. त्या आमचे सगळे कप घासायच्या आणि चहा त्या कपात प्यायच्या. तो चहा नेऊन द्यायचं काम माझं होतं. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून."

रडू मला येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

"हं," मावशी म्हणाल्या. "आता आवाज नीट आला."

मी वर पाहिलं, तशा लगेच म्हणाल्या, "विश्वास बसला असं समजू नको. एका टिचकीत माठ घेत नसतात." आणि चहा ठेवायला उठल्या.

पुढच्या सोमवारी चारला दार वाजलं. पण आता त्या माझ्या हातांकडे बघायच्या. मी चहा ओतताना, कप पुढे करताना, सगळं. मला सुरुवातीला ते टोचायचं. मग मीही बघायला लागले. ऑफिसात पँट्रीत, देशी दुकानात, घरी साफसफाईला येणाऱ्या मेक्सिकन बाईला पाणी देताना. मी तिला कायम कागदी ग्लासात पाणी देत होते, हे मला तोपर्यंत दिसलंच नव्हतं.

मार्चमध्ये संदेशला चँडलरला नोकरी लागली. मावशी निघाल्या. ॲरिझोनाला थंडी कसली, तिथे जाड कपांचं काही काम नाही, म्हणून मी त्यांना जपानी कप द्यायचा मोह आवरला. निघायच्या आदल्या दिवशी चारला मायलेक चहाला आले. आम्ही चौघंच होतो. तरी मी ट्रेमध्ये पाचही जपानी कप ठेवले आणि का कोण जाणे, पांढराही ठेवला. ओतायला किटली उचलली.

"थांब," मावशी म्हणाल्या. "आज मी देते."

त्यांनी एकेका कपाला टिचकी मारली. टण्ण वाजलेला पहिला निखिलला दिला, दुसरा संदेशला, तिसरा स्वतःपुढे ठेवला. दोन जपानी कप ट्रेमध्ये रिकामे उरले. मग त्यांनी पांढरा कप उचलला, काठोकाठ भरला आणि माझ्या हातात ठेवला.

"आई, अगं ते बाकीचे दोन—" संदेश म्हणाला.

"मला दिसतात."

मी प्यायले. मावशी शेवटच्या घोटापर्यंत माझ्याकडे बघत होत्या. "गार तर नाही ना झाला?" त्यांनी विचारलं.

"नाही मावशी."

तेव्हापासून तो माझा कप आहे. घरी कोणी आलं की मी ट्रेमधून पहिला तो उचलून बाजूला घेते, मग बाकीचे वाटते. मावशींचा फोन सोमवारी येतो, चारलाच. तब्येत, संदेशची नोकरी, चँडलरच्या उन्हाला दोन शिव्या, आणि त्याआधी एक प्रश्न ठरलेला: "कशात पिऊन राहिली?"

मागच्या सोमवारी मी मीटिंगमधून उठून घाईत चहा घेतला होता. हाताशी आला तो जपानी कप.

"पांढऱ्या कपात, मावशी," मी म्हणाले.

"टिचकी मार."

मी फोन जवळ धरून टिचकी मारली. टण्ण. तो आवाज फोनमध्येही चांगला लांबपर्यंत वाजला.

मी उठले, पांढरा कप आणला, चहा त्यात ओतला. थोडा ओट्यावर सांडला. त्या सगळा वेळ लाइनवर थांबून होत्या. मी पुन्हा टिचकी मारली. ठक्.

"हं," मावशी म्हणाल्या. "आता बोल. कशी आहेस?"