ह्यांच्या वाटणीचं पाणी

आमचे हे गेले ते तहानलेले गेले. मूत्रपिंडांनी काम थांबवल्यावर डॉक्टरांनी पाणी अगदी बेताने द्यायला सांगितलं होतं. मी चमच्याने पाजायची आणि हे चमचा तोंडातून सोडायचे नाहीत. शेवटच्या दिवशी तेही बंद झालं. कापसाचा बोळा ओला करून ओठांवरून फिरवायचा, एवढंच हातात राहिलं. मधेच डोळे उघडून म्हणाले, "घरच्या माठातलं आण ना गं थोडं." मी म्हटलं, "उद्या आणते." तो उद्या काही त्यांच्या नशिबात नव्हता. यात कुणाचं काही चुकलं नाही हे मुलीने मला परोपरीने समजावलं आणि मला ते पटतंही. पण तेव्हापासून पाण्याचा पेला तोंडाला लावला की दुसरा घोट घशाखाली उतरायचा नाही.

त्यात सुतकाच्या दिवसांमध्ये पुराण वाचायला गुरुजी यायचे. त्या पुराणात मेलेल्या माणसाच्या वाटेचं वर्णन येतं. तापलेली वाळू, कुठे झाड नाही, सावली नाही, पाण्याचा थेंब नाही. ज्याने जिवंतपणी दुसऱ्याला पाणी पाजलं त्यालाच त्या वाटेवर पाणी मिळतं म्हणे. बाकीची मंडळी पेंगत ऐकत होती. माझ्या मात्र काळजात चर्र झालं. आमच्या ह्यांनी पाणपोई घातली नाही, कुणाला जेवू घातलं नाही, साधी एकादशी केली नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत बॉयलरवर जन्म काढला. मी दर गुरुवारी दत्ताला जायची तेव्हा हे देवळाबाहेर उभे. "तू तुझ्या देवाला सांभाळ, मी तुझ्या चपला सांभाळतो," असं वर हसून म्हणायचे. अशा माणसाच्या नावावर तिकडे काय जमा असणार?

मग मी दत्तासमोर वकिली सुरू केली. माझा स्वभावच तसा, भाजीवालीशीही मी दोन शब्द जास्त बोलणार. म्हटलं, महाराज, ह्यांनी कुणाला पाणी दिलं नसेल, पण वाया कधी घालवलं नाही. कुठे नळ गळताना दिसला की हातातली पिशवी खाली ठेवून तो घट्ट करायचे, मग तो नळ लग्नाच्या हॉलमधला असो की व्याह्यांच्या घरातला. शेजारच्या गच्चीवरची टाकी वाहू लागली की गॅलरीतून ओरडायचे ते हेच. याला पुण्य म्हणायचं की नाही ते तुम्हीच सांगा. मी रोज हाच दावा मांडायची आणि रोज तशीच उठायची.

अशात अक्षय्य तृतीया आली. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याने भरलेला मातीचा कुंभ दान करतात, म्हणजे ते पाणी त्याला पोचतं. आमच्या भागातले गुरुजी सकाळपासून कुठेकुठे बांधलेले. ह्यांची धाकटी बहीण सुलू ठाण्याला वर्तकनगरात राहते. तिच्याकडे एक गुरुजी दुपारी यायला तयार झाले. मी कुंभ घरूनच भरून नेणार म्हटल्यावर सुलू फोनवर उडालीच. "अगं वहिनी, आमच्याकडे काय पाणी नाहीये का? येताना भरलेलं मडकं कसलं आणतेस?" मी म्हटलं, "तुझ्या दादाने कुठलं मागितलं होतं ते मला माहितीये."

सकाळी माठातलं पाणी छोट्या मडक्यात भरलं, वाळ्याची जुडी सोडली, तोंडावर आंबा ठेवून फडकं बांधलं. आई सांगायची की दानाचा कुंभ वाटेत खाली टेकवू नये, म्हणून तो मांडीवर घेऊनच बसमध्ये बसले. शिवाय मनाशी धरलं होतं की ह्यांना पाणी पोचेपर्यंत आपणही थेंब घ्यायचा नाही. हे कुठल्याच शास्त्रात नाही, मीच माझं काढलेलं शास्त्र. कंडक्टरने तिकीट देताना विचारलं, "मावशी, आत काय मासे आहेत का?" "पाणी आहे," मी म्हटलं. "पाणी? ठाण्याला? तिथले नळ आटले की काय?" आजूबाजूची माणसं हसली, मीही हसले. हसताना ओठ ताणला आणि फुटला.

ठाण्यात उतरेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. मेट्रोच्या कामाने रस्ता तुंबलेला, रिक्षावाल्याने मला अलीकडेच सोडलं. वर्तकनगर मला पाठ आहे असा माझा समज होता. पण ज्या बैठ्या इमारती बघून मी वळायची त्या पाडून तिथे पत्रे ठोकले होते. पत्र्यांवर नव्या टॉवरची चित्रं, हिरवळ, कारंजी, हसणारी माणसं. मी एका पत्र्याच्या कडेने चालत राहिले, मग दुसऱ्या. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. रस्ता पांढरा दिसायला लागला, मग पत्रे पांढरे, मग आभाळही. मडकं तेवढं छातीशी गार लागत होतं. एका क्षणी मला अगदी शांतपणे वाटलं की हीच ती वाट, पुराणातली. भीती नाही वाटली. आपल्याला ह्यांना गाठायचंय तर बरोबर वाटेला लागलो, असंच वाटलं.

पुढे एक उंबर दिसला, त्याखाली दत्ताची घुमटी. दार बंद होतं. पायरीवर बसले आणि मडकं मांडीवर घेतलं. उंबराची पानं हलत होती, पण आवाज येत नव्हता. कुणीतरी समोर येऊन उभं राहिलं. कासोटा मारलेली, डोक्यावर करवंदांची पाटी, येऊरच्या डोंगराच्या बाजूच्या बायका येतात विकायला तसली एक बाई. तिने पाटी उतरवली, माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पाझरून ओल्या झालेल्या मडक्याला हात लावून पाहिलं.

"अगं बाय, मांडीवर एवढं पानी नि तोंड कोरडं?"

मी मडक्यावर हात ठेवला. "हे माझं नाही. ह्यांचं आहे."

"कोनाचं?"

"माझ्या मालकांचं."

"कुठं हायेत?"

"गेले."

तिने फडकं सोडलं, आंबा उचलून माझ्या ओटीत ठेवला आणि म्हणाली, "मंग ते काय नको बोलतील तुला?"

मी मडक्यावरचा हात काढला. तिने एका हाताने माझी मान धरली, दुसऱ्या हाताने मडकं कलतं केलं आणि ते पाणी माझ्या ओठांना लागलं. वाळ्याचा वास आला, मातीचा आला, आमच्या स्वयंपाकघराचा आला. आणि समोर हे बसलेले दिसले. बनियनवर, पाय खाली सोडून, ड्यूटीवरून आल्यावर बसायचे तसे. मान मागे टाकलेली, तांब्या उंच धरलेला, वरून धार तोंडात पडतेय. गळ्याची गाठ खालीवर होतेय. मी एक घोट गिळला की त्यांची गाठ हलायची. मी थांबले की तेही थांबायचे. मग मी थांबले नाही. पीत राहिले, पाणी हनुवटीवरून पदरावर सांडत होतं आणि त्यांच्याही छातीवर ओघळत होतं. त्यांना घाई नव्हती. कुणी चमचा काढून घेणार नव्हतं. पोटभर झाल्यावर त्यांनी तांब्या खाली ठेवला, पालथ्या हाताने तोंड पुसलं आणि "हाऽऽ" केलं. त्या आवाजावरून मी त्यांना आयुष्यभर चिडवलं होतं. तो ऐकला आणि मला रडू फुटलं. आजारपणात, नंतर दिवसांमध्येही आलं नव्हतं असं, ओक्साबोक्शी.

डोळे पुसून पाहिलं तर बाई माझ्या शेजारी पायरीवर बसून उरलेलं पाणी पीत होती. मडकं रिकामं करून तिने खोचलेला पदर काढून तोंडाला लावला. "ग्वाड हाय पानी," म्हणाली. मी तिला आंबा दिला, तो तिने घेतला. सुलूच्या सोसायटीचं नाव सांगितलं तर तिने हात करून दाखवलं, पत्र्यांच्या पलीकडेच होती. मग पाटी डोक्यावर चढवायला मी हात लावला आणि ती करवंदांची हाळी देत गल्लीतून निघून गेली. ती कोण, कुठली, मी विचारलं नाही आणि नंतर शोधायलाही गेले नाही. लोकांना वाटतं मी तिला काहीतरी वेगळंच समजते. मी तिला करवंदं विकणारी बाई समजते. तिला त्या वेळी त्या गल्लीत यावंसं वाटलं, एवढ्याचंच मला नवल आहे.

सुलूच्या दारात गेले तेव्हा गुरुजी पाट मांडून बसलेले. माझा भिजलेला पदर आणि हातातलं रिकामं मडकं बघून सुलूने कपाळाला हात लावला. "सांडलंस ना? तरी मी म्हणत होते!" मी म्हटलं, "सांडलं नाही गं. पोचलं." आणि बसून सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ती माझ्या पायाशी येऊन बसली. ह्यांच्या "हाऽऽ"पाशी आल्यावर म्हणाली, "लहानपणी आई त्याला त्यावरून मारायची," आणि आम्ही दोघी हसत-रडत बसलो. गुरुजी तरुण होते, त्यांची पंचाईत झाली. म्हणाले, "काकू, दुसरा कुंभ भरून देऊ का? संकल्प कसा करायचा ते सांगा. कशासाठी मागायचं?"

मी पाटावर बसले आणि विचार करू लागले. मेल्यावर पुण्याचं फळ मिळतं की नाही, हिशेब ठेवायला तिथे कुणी आहे की नाही, मला आजही ठाऊक नाही. मी जे पाहिलं ते उन्हामुळे असेल. मुलगी तसंच म्हणते आणि ती शिकलेली आहे. पण इतके महिने मी दत्ताला ह्यांचं पुण्य उकरून उकरून दाखवत होते, घासाघीस करत होते. देणाऱ्याने पुण्य न बघता, हिशेब न विचारता मडकं कलतं केलं. ज्याची वकिली मी करत होते त्याला माझी गरजच नव्हती. माझ्या माणसाला मी ज्याच्या हाती सोपवलंय त्याला तहान म्हणजे काय ते कळतं, एवढं मला त्या पायरीवर कळलं, आणि ते पुरेसं होतं.

"मागायचं काही नाही हो," मी गुरुजींना म्हटलं. "नुसतं, मिळालं, असं सांगायचंय. त्याचा मंत्र असतो का?"

गुरुजींनी पोथी चाळायला घेतली, मग मिटली. "मग नुसता नमस्कार करा, काकू," ते म्हणाले.

मी केला. देवापुढे वाकले आणि कधी नव्हे ते काहीच बोलले नाही.