मशीनगनपुढची पंचवीस पावलं

"हॅट्! ही मशीनगन न्हाई, फवारनीचा पंप हाय," असं म्हणून ते माझ्या स्क्रीनकडे पाठ फिरवायचे.

नगरला कोर्टाजवळच्या आमच्या कॉम्प्लेक्सचे ते वॉचमन. पाथर्डीकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. आमच्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला लोक मेजरच म्हणतात, तुम्हीही म्हणत असाल, म्हणून तेही मेजर. माझं तिथं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की मी लढाईचा गेम लावायचो. चाळिशीचा माणूस, पोट सुटलेलं, एक जिना चढलो तरी धाप लागते. पण माउस हातात आला की मी सेनापती! आणि हा फाटक्या चपलांचा वॉचमन मला लढाई शिकवणार? डोक्यात जायचा माणूस.

माझा डाव ठरलेला. टेकडीवर शत्रूची मशीनगन दिसली की दहा जण सरळ तिच्या अंगावर सोडायचे. तीन पडतात, सात पोचतात, ठाणं आपलं.

"उठत न्हाई वो कुनी," मेजर म्हणायचे. "ती सुरू झाली की मानूस जिमिनीला चिकटतो. मारती कमी, दाबून ठिवती जास्त. तुमचं हे येडे कुठं निघाल्यात, वरातीला?"

"मेजर, गेम बनवणारी माणसं शिकलेली असतात."

"असत्याल. गोळीखाली झोपल्याली नसत्याल."

हे रोजचंच. एकदा मात्र चार गिऱ्हाइकांसमोर ते माझ्या डावाला हसले आणि माझं टाळकं सरकलं. "तुम्ही काय दिवे लावलेत हो मशीनगनपुढे?"

"झोपून राह्यलो. दिवस मावळंस्तोवर."

"म्हणजे लपलात!" मी खो खो हसलो. गिऱ्हाइकंही हसली. ते गुपचूप खाली गेटवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान रिकामं बघून वर आले. पहिल्यांदाच स्टूल ओढून बसले.

"सायेब, एक बघायचं हुतं. तुमच्या कम्प्यूटरमदी हुईल का?"

ते मशीनगनपुढे झोपून राहिले त्या दिवशी त्यांचा फौजेतला जोडीदार उठला होता. पंचवीस पावलांवर पडला. जिवंत होता, पाणी मागत होता, यांचं नाव घेऊन हाका मारत होता. हे गेले नाहीत.

"मी गेलो असतो तर त्याला घिऊन माघारी आलो असतो का? एवढंच बघा."

मी तर संधीच शोधत होतो. टेकडी लावली, वर मशीनगन, खाली दोन माणसं. एकाला धाडलं. पोचला, परत आला. पुन्हा धाडलं, पुन्हा आला.

"बघा मेजर! साधा ओरखडासुद्धा नाही."

मला वाटलं, आता नेहमीसारखी गेमची टर उडवतील. पण ते स्क्रीनकडे बघतच राहिले. "येतुय की वो," एवढंच म्हणाले, स्टूल जागेवर ठेवलं आणि जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी एजन्सीनं नवाच वॉचमन पाठवला. मेजरांचा फोन आजतागायत बंद आहे. पाथर्डीकडचं नेमकं कुठलं गाव, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

तुम्हाला म्हणून सांगतो. त्याच टेकडीवर अवघड लेव्हल लावून नंतर मी वीसेक वेळा माणूस धाडला. एकदाही पंचवीस पावलांपर्यंत पोचला नाही. पण मी कायम सगळ्यात सोप्या लेव्हलवर खेळायचो, आणि त्या दुपारी तीच चालू होती. ते स्टूल उचलत होते तेव्हा हे माझ्या तोंडाशी आलं होतं. बोललो असतो तर माझी शेखी उतरली असती. तेवढ्यासाठी मी त्या माणसाला तसाच जाऊ दिला.