गोठ्यापाशी झालेली गृहभेट

"आडनाव काय म्हणालात?" घरातल्या म्हाताऱ्या आप्पांनी दुसऱ्यांदा विचारलं. मी सांगितलं. पुढं केलेली खुर्ची त्यांनी मागं ओढली आणि गोठ्याकडं बोट केलं. "तुमी तितं टेका. म्याडमला आत येऊ द्या."

मॅडम म्हणजे माझ्या वरिष्ठ. समाजकार्याची परीक्षा पास होऊन मी नुकतीच दौंडच्या एका संस्थेत लागले होते, मुलांच्या कामावर. आमच्या बौद्धवाड्यातली पहिली नोकरदार बाई. वरवंडजवळच्या या वस्तीवर आप्पांनी नातीची शाळा सोडवून लग्न ठरवलं होतं. सातवीतली पोर. ते थांबवायला आम्ही गेलो होतो. माझी पहिली गृहभेट.

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, ही आत येणार नसेल तर मीही येत नाही. "बस जरा. काम होऊ दे," म्हणाल्या आणि चपला काढून आत गेल्या.

मी बसले. म्हशीशेजारी. आतून कपबश्यांचा आवाज येत होता. राग नुसता उकळत होता, पण करायचं काय ते सुचत नव्हतं. उठून गेले तर नोकरी जाणार, आणि त्या पोरीसाठी बोलायला कुणीच उरणार नाही.

तीच पोर पाणी घेऊन आली. वरून ओतायला लागली. घशाला कोरड पडली होती, तरी मी ओंजळ धरली नाही. तांब्या तसाच धरून ती हळूच म्हणाली, "ताई, तुमालाच आत घेत न्हाईत. मंग माजं कोन ऐकल?"

कॉलेजात एवढं शिकवलं, याचं उत्तर कुणी शिकवलं नव्हतं.

परतताना एसटीत मॅडमनी मला समजावलं. अगदी मायेनं. नव्या माणसानं खेड्यात नुसतं नाव सांगावं, आडनाव गिळावं, सगळे तसंच करतात.

"मी गिळणार नाही," मी म्हणाले.

लग्न पुढं ढकलतो असा शब्द आप्पांनी मॅडमना दिला होता. महिना उलटायच्या आत उरकलं. पोलिसांत जाऊ म्हटलं, तर गावाशी वाकडं नको म्हणून संस्थेनं मला गप्प बसवलं. मी एकटीच परत गेले. पोर सासरी गेली होती, शिरूरकडं कुठंतरी. मी रस्त्यावर उभी राहून रडले. दुसरं काही हातात नव्हतं.

आता मॅडमच्या जागेवर मी आहे. दरवर्षी नवी मुलं-मुली कामावर येतात, घाबरलेली, माझ्यासारखीच. पहिल्या गृहभेटीला मी कुणालाच एकटं सोडत नाही. घरचे दारात माणसं निवडायला लागले की मी बाहेरच मांडी घालते, नव्या माणसाला खेटून. लेकराला इथंच आणा म्हणते, बोलणं इथंच होईल. कधी आणतात. बऱ्याचदा दार लावून घेतात. लावू देत. माझ्या माणसाला बाहेर बसवून मी कुणाच्या घरात पाऊल टाकणार नाही.